बास्केटबॉलच्या टेबलावरचा बाण: पझेशन अ‍ॅरो कसा सांभाळायचा

पहिल्यांदा टेबलावर बसणाऱ्याला स्कोअरशीटची धास्ती असते. पण स्कोअरशीटमध्ये काही चुकलं तर दोन ओळी मागे जाऊन ते शोधता येतं. बाणाचं, म्हणजे वादातला बॉल पुढच्या वेळी कोणत्या टीमला द्यायचा ते दाखवणाऱ्या खुणेचं, तसं नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, स्कोअरशीटवर बाणासाठी रकानाच नाही. टेबलावर बाण ज्या बाजूला दिसतोय, तीच एकमेव नोंद. तो एकदा चुकीच्या वेळी फिरला, की पुढच्या हेल्ड बॉलला, म्हणजे दोन्ही टीमचे खेळाडू बॉल धरून अडले की, दोन्ही कोच टेबलाशी येतात आणि त्यांना दाखवायला तुमच्याकडे काही नसतं.

खाली दिलेलं सगळं फिबाच्या पाच-पाच खेळाडूंच्या नियमांप्रमाणे आहे. आपल्याकडच्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा याच नियमांनी होतात. बाण चालवण्याची जबाबदारी स्कोअररची असते, टायमरची किंवा असिस्टंट स्कोअररची नाही. रेफ्री म्हणून उभे राहणार असाल तरी हे सगळं तुम्हालाही माहीत असायला हवं, कारण शेवटी बॉल कोणाच्या हातात द्यायचा ते तुम्ही ठरवता.

सोबत काय हवं

- बाण. फिबाच्या मापाप्रमाणे तो लांबीला आणि उंचीला किमान १०० मिलिमीटर असावा, लाल दिव्याने उजळणारा असावा, आणि टेबलाच्या मधोमध सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला असावा.
- दिव्याचा बाण नसेल तर जाड पुठ्ठ्याचा, दोन्ही बाजूंनी रंगवलेला. इलेक्ट्रिक बाण असला तरी हा जवळ ठेवाच. वीज जाते, बॅटरी संपते.
- उघड्या कोर्टावर पुठ्ठा उडू नये म्हणून क्लिप किंवा वजन.
- कच्ची वही आणि पेन्सिल. ही सगळ्यात महत्त्वाची.
- ‘ए’ आणि ‘बी’ लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या आणि चिकटपट्टी.

पुठ्ठ्याचा बाण करताना एक गोष्ट हमखास चुकते. पुढच्या बाजूचं चित्र जसंच्या तसं मागे उतरवलं, तर मागचा बाण उलट्या बास्केटकडे बघतो. म्हणजे कोर्टावरून बघणाऱ्याला एक दिशा आणि तुम्हाला दुसरी. पुठ्ठा कापूनच बाणाचा आकार करा, म्हणजे टोक दोन्हीकडून एकाच बास्केटकडे राहतं.

१. बाण काय सांगतो ते पक्कं करा

बाण सांगतो: यापुढे जंप बॉलची वेळ आली (असे प्रसंग मुद्दा ४ मध्ये आहेत) तर थ्रो-इन, म्हणजे लाइनबाहेरून बॉल आत टाकण्याचा हक्क, कोणाचा. आत्ता बॉल कोणाकडे आहे किंवा मागचा थ्रो-इन कोणी घेतला, याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या टीमचा हक्क आहे ती ज्या बास्केटमध्ये बॉल टाकते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटकडे, बाणाचं टोक असतं.

डोक्यात मात्र दिशा ठेवू नका, टीम ठेवा. ‘बाण उजवीकडे’ हे हाफ टाइमनंतर निरुपयोगी होतं. ‘बाण ए टीमचा’ हे मॅच संपेपर्यंत चालतं.

२. बसल्याबरोबर दिशा ठरवून घ्या

कार्यक्रमात जिचं नाव आधी आहे ती ए टीम. टेबलावरून कोर्टाकडे तोंड केलं की तिची बेंच तुमच्या डाव्या हाताला, आणि ती राखते ते बास्केटही डावीकडचंच. म्हणून पहिल्या हाफमध्ये ए टीम तुमच्या उजवीकडे आक्रमण करते. ‘ए’ची चिठ्ठी टेबलाच्या उजव्या कडेला आणि ‘बी’ची डाव्या कडेला चिकटवा. बाण उजवीकडे म्हणजे ए, डावीकडे म्हणजे बी.

दोन्ही टीमनी आपसात ठरवून बेंच किंवा बास्केट बदलले असतील तर हे उलटं होईल. त्यामुळे वॉर्म-अपवर विसंबू नका, क्रू चीफला, म्हणजे मुख्य रेफ्रीला, सरळ विचारा.

मॅच सुरू होण्याआधी बाण कोणाचाच नसतो. दिव्याचा असेल तर बंद ठेवा, पुठ्ठ्याचा असेल तर आडवा पाडून ठेवा.

३. पहिला जंप बॉल: इथे घाई नको

मधल्या सर्कलमध्ये क्रू चीफ बॉल वर टाकतो, दोन खेळाडू उडी मारतात, एक जण बॉल टॅप करतो. नवखा स्कोअरर इथेच बाण लावून मोकळा होतो. टॅप म्हणजे ताबा नव्हे. कोर्टावर कोणीतरी चालू बॉल हातात धरला किंवा ड्रिबल सुरू केला, की ताबा आला. ज्या टीमला हा पहिला ताबा मिळाला नाही, तिचा पहिला बाण. बॉल बी टीमने पकडला तर बाण ए टीमचा, म्हणजे उजवीकडे.

अडचण येते ती टॅप आणि ताबा यांच्यामध्ये काही घडलं की.

ए टीमच्या खेळाडूने टॅप केलेला बॉल कोणालाही न लागता थेट बाहेर गेला. थ्रो-इन बी टीमला मिळतो, पण बाण अजूनही लागलेला नाही. त्या थ्रो-इननंतर कोर्टावर ताबा कोणाला मिळतो ते बघा, आणि बाण दुसऱ्या टीमचा लावा. उडी मारणाऱ्याने बॉल टॅप न करता स्वतःच पकडला, तर ते व्हायलेशन, म्हणजे फाउल नसलेला नियमभंग. तिथेही हाच हिशोब.

टॅपनंतर लगेच दोन प्रतिस्पर्धी खेळाडू बॉलला एकदम भिडले आणि हेल्ड बॉल झाला. आता थ्रो-इन देता येत नाही, कारण बाण अस्तित्वातच आलेला नाही. त्या दोघांमध्ये मधल्या सर्कलमध्ये पुन्हा जंप बॉल होतो. तोवर गेलेला वेळ घड्याळातून गेलेलाच राहतो. रेफ्रीने सवयीने टेबलाकडे बघितलं तर ‘बाण अजून लागलेला नाही’ असं मोठ्याने सांगा.

४. बाण कधी लागू होतो

पहिला जंप बॉल सोडला तर मॅचमध्ये पुन्हा बॉल वर उडवला जात नाही. या प्रसंगी बाण बघतात:

- हेल्ड बॉल: दोन्ही टीमच्या खेळाडूंची बॉलवर घट्ट पकड, आणि धसमुसळेपणा केल्याशिवाय कोणालाच तो सोडवता येत नाही.
- बॉल बाहेर गेला, शेवटी कोणाला लागला याबद्दल रेफ्रींना शंका आहे किंवा त्यांच्यात मतभेद आहे.
- शेवटचा फ्री थ्रो चुकला आणि त्यावर दोन्ही टीमचं व्हायलेशन झालं.
- चालू बॉल रिंग आणि बोर्डाच्या मध्ये अडकला. दोन फ्री थ्रोंच्या मध्ये अडकला तर मात्र बाण नाही, पुढचा फ्री थ्रो होतो. फ्री थ्रोनंतर त्याच टीमला थ्रो-इनही मिळणार असेल, तरी बाण नाही.
- बॉल डेड झाला (खेळ थांबला) तेव्हा ताबा कोणाचाच नव्हता आणि बॉलवर हक्कही कोणाचा नव्हता.
- दोन्ही टीमच्या सारख्या शिक्षा एकमेकींत वळत्या झाल्या, आणि त्याआधी ताबा किंवा हक्क कोणाचा नव्हता.
- पहिला सोडून प्रत्येक क्वार्टरची आणि प्रत्येक ओव्हरटाइमची सुरुवात.

डबल फाउलवर, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंनी साधारण एकाच वेळी एकमेकांवर केलेल्या फाउलवर, सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डबल फाउल झाला की बाण, असं अनेकांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते चूक आहे. फाउल झाला तेव्हा ए टीमचा खेळाडू ड्रिबल करत होता, तर थ्रो-इन ए टीमलाच. बाणाला हात लावायचा नाही. शॉट हातातून सुटल्यावर, बॉल हवेत असताना डबल फाउल झाला आणि शॉट चुकला, तर ताबा कोणाचा नव्हता, म्हणून बाण. तोच शॉट पडला तर पॉइंट धरले जातात आणि दुसरी टीम एंड लाइनवरून थ्रो-इन घेते, तेव्हाही बाण नाही.

थ्रो-इन घटनेच्या सगळ्यात जवळच्या जागेवरून होतो, फक्त बोर्डाच्या थेट मागून नाही.

शेजारी शॉट क्लॉकवाला (शॉट मारायला मिळणारे सेकंद मोजणारा) बसलेला असतो, त्याला बाणाचा निकाल लगेच कळवा. हेल्ड बॉलनंतर बाण ताबा असलेल्या टीमचाच निघाला तर शॉट क्लॉक आहे तिथून पुढे चालतं, नवीन २४ सेकंद मिळत नाहीत. बाण दुसऱ्या टीमचा निघाला तर थ्रो-इन तिच्या बॅक कोर्टात (ती राखते त्या अर्ध्या भागात) असल्यास २४, फ्रंट कोर्टात (ती आक्रमण करते त्या अर्ध्या भागात) असल्यास १४. शॉट मारलेला बॉल रिंगमध्ये अडकला आणि बाण शॉट मारणाऱ्या टीमचाच निघाला, तर तिला १४ सेकंद मिळतात. तिथे उरलेला वेळ पुढे चालत नाही.

५. बाण फिरवायचा नेमका क्षण

रेफ्री शिट्टी वाजवतो, दोन्ही अंगठे वर करतो, टेबलाकडे बघतो आणि बाणाच्या दिशेला बोट दाखवतो. या सगळ्या वेळात बाण जागचा हलता कामा नये. तुमचं काम फक्त ‘बाण बी टीमचा’ असं स्पष्ट सांगणं.

मग खेळाडू लाइनबाहेर उभा राहतो, रेफ्री त्याच्या हातात बॉल देतो. इथे थ्रो-इन सुरू होतो. बाण अजूनही तसाच. खेळाडू बॉल आत टाकतो. हवेत असतानाही तसाच. बॉल कोर्टातल्या कुठल्याही खेळाडूला नियमात बसेल असा लागला, मग तो स्वतःच्या टीमचा असो की समोरच्या, की थ्रो-इन संपला. त्या क्षणी बाण फिरवा.

हा क्षण पकडण्याची सोपी खूण तुमच्यासमोरच आहे. रेफ्री वर केलेला हात खाली आणतो आणि टायमर घड्याळ सुरू करतो, तो हाच क्षण. घड्याळ चालू, बाण फिरला. टायमरशी आधी बोलून ठेवा: घड्याळ सुरू करताना त्याने तोंडाने ‘बाण’ म्हणायचं. हेल्ड बॉलनंतर खेळ वेगात पुढे जातो आणि स्कोअररचे डोळे शीटवर असतात. या एका शब्दाने फिरवायचं राहून गेलेले कितीतरी बाण वाचतात.

लवकर फिरवला तर काय बिघडतं? थ्रो-इन संपायच्या आधी फाउल झाला, तर बाण आधीच दुसरीकडे बघत असतो, आणि तो मुळात कोणाचा होता याबद्दल वाद सुरू होतो.

६. थ्रो-इन बिघडला तर

बाणाच्या थ्रो-इनमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात, आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

थ्रो-इन घेणाऱ्या टीमचं व्हायलेशन. पाच सेकंद झाले, खेळाडू बाजूला मिळून एक मीटरपेक्षा जास्त सरकला, बॉल सोडताना पाय आत पडला, किंवा बॉल कोणालाही न लागता पलीकडे बाहेर गेला. त्या टीमने आपली संधी घालवली. दुसऱ्या टीमला मूळ जागेवरूनच थ्रो-इन मिळतो आणि बाण लगेच फिरतो. म्हणजे दुसऱ्या टीमला आत्ताचा बॉलही मिळाला आणि पुढचा बाणही. बेंचवरून ‘दोन्ही त्यांनाच कसं?’ असा प्रश्न हमखास येतो, पण नियम तसाच आहे. हा आत्ताचा थ्रो-इन व्हायलेशनचा आहे, बाणाचा नाही. म्हणून तो संपल्यावर बाण पुन्हा फिरवायचा नाही.

फाउल, कोणत्याही टीमचा. फाउलची जी शिक्षा असेल ती होते. बाण हलत नाही. ए टीमचा बाण होता, तो ए टीमचाच राहतो.

समोरच्या टीमने बॉलला मुद्दाम लाथ मारली. बॉल लागला खरा, पण नियमबाह्य लागला. म्हणून बाणाचा थ्रो-इन संपलेला धरत नाहीत. ए टीमला लाथेच्या व्हायलेशनचा नवा थ्रो-इन मिळतो आणि बाणही तिचाच राहतो. घड्याळही सुरू व्हायला नको होतं. टायमरने सुरू केलं असेल तर रेफ्रीला सांगा.

आणखी एक प्रसंग: ए टीमच्या थ्रो-इनवर दोन्ही टीमचे खेळाडू बॉलवर झेपावले आणि लागलीच नवा हेल्ड बॉल झाला. बॉलला नियमात स्पर्श झाला, म्हणजे ए टीमचा थ्रो-इन संपला, बाण बी टीमचा झाला. नवा हेल्ड बॉल बी टीमला. एका सेकंदात दोन निर्णय होतात, म्हणून बाण ‘नंतर निवांत’ फिरवण्याची सवय लावून घेऊ नका.

७. क्वार्टर, हाफ टाइम, ओव्हरटाइम

दुसरा, तिसरा आणि चौथा क्वार्टर बाणाच्या थ्रो-इनने सुरू होतो, टेबलाच्या विरुद्ध बाजूच्या साइड लाइनवर, सेंटर लाइनच्या रेषेत. खेळाडू दोन पायांच्या मध्ये रेषा घेऊन उभा राहतो आणि बॉल कोर्टात कुठेही टाकू शकतो. बॉल आत लागला की नेहमीसारखा बाण फिरवा.

दोन क्वार्टरच्या मध्ये टेक्निकल फाउल झाला तर आधी एक फ्री थ्रो होतो आणि मग क्वार्टर बाणानेच सुरू होतो. अनस्पोर्ट्समनलाइक किंवा डिसक्वालिफाइंग फाउल झाला तर दोन फ्री थ्रो आणि त्याच टीमचा थ्रो-इन. तिथे क्वार्टरची सुरुवात शिक्षेच्या थ्रो-इनने झाली, बाणाने नाही, म्हणून बाण आहे तसा पुढच्या वेळेसाठी शिल्लक राहतो.

सगळ्यात जास्त चुका हाफ टाइमला होतात. पहिला हाफ संपल्याबरोबर स्कोअररने बाण उलटा करायचा असतो, कारण टीम बास्केट बदलणार असतात. हक्क त्याच टीमचा, फक्त दिशा बदलली. समजा दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बाण बी टीमचा, डावीकडे आहे. हाफ टाइमला तो उजवीकडे करा, तरी तो बी टीमचाच. तिसरा क्वार्टर बी टीमने सुरू केला, बॉल आत लागला, की बाण पुन्हा फिरवा: डावीकडे, आता ए टीमचा. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत बाण दोनदा फिरतो आणि पुन्हा मूळ दिशेला येतो. ‘हाफ टाइमला फिरवला होता ना’ म्हणून दुसरी फेरी गाळणारे खूप असतात, आणि ‘तिसऱ्या क्वार्टरला फिरवायचाच आहे’ म्हणून पहिली गाळणारेही. त्यामुळे हाफ टाइमचा बाण फिरवला की टेबल सोडण्याआधी रेफ्रीला सांगा, आणि ‘ए’ आणि ‘बी’च्या चिठ्ठ्याही त्याच वेळी बदला.

ओव्हरटाइममध्ये बास्केट बदलत नाहीत. टीम चौथ्या क्वार्टरसारख्याच बाजूंना खेळतात. म्हणून चौथा क्वार्टर संपल्यावर बाण उलटा करायचा नाही.

८. कच्ची वही

प्रत्येक वेळी एकच ओळ: क्वार्टर, घड्याळ, काय झालं, थ्रो-इन कोणाचा, आता बाण कोणाचा. शेवटचा शब्द नेहमी टीमचा. नमुना असा:

क्वा. १, ९:५७, टॅप, ताबा बी. बाण ए (उजवीकडे)
क्वा. १, ४:१२, हेल्ड बॉल, थ्रो-इन ए. बाण बी (डावीकडे)
क्वा. २ सुरुवात, थ्रो-इन बी. बाण ए (उजवीकडे)
क्वा. २, ०:३८, बॉल अडकला, थ्रो-इन ए. बाण बी (डावीकडे)
हाफ टाइम, दिशा बदलली. बाण बी (उजवीकडे)
क्वा. ३ सुरुवात, थ्रो-इन बी. बाण ए (डावीकडे)
क्वा. ३, ६:०५, हेल्ड बॉल, ए टीमचे ५ सेकंद, थ्रो-इन बी. बाण बी (उजवीकडे)

आधी बाण फिरवा, मग ओळ लिहा. उलट क्रम ठेवला तर लिहिता लिहिता फिरवायचं राहतं. असिस्टंट स्कोअरर असेल तर त्याला प्रत्येक ओळीनंतर बाणाकडे बघून ‘बरोबर’ म्हणायला सांगा.

रेफ्रींनीही आपली खूण ठेवावी. मनगटावरचं रबरबँड एका हातातून दुसऱ्या हातात घालणं किंवा नाणं एका खिशातून दुसऱ्यात टाकणं, काहीही चालेल. फक्त डावा-उजवा हात दिशेला जोडू नका, टीमला जोडा: डावा हात ए, उजवा बी. म्हणजे हाफ टाइमला खुणेला हात लावावा लागत नाही.

९. चूक झालीच तर

चूक लक्षात आली की गप्प बसू नका आणि गुपचूप बाण फिरवूही नका. पुढे काय होणार ते सर्वस्वी वेळेवर अवलंबून आहे.

चुकीच्या टीमला थ्रो-इन दिलाय, पण बॉल अजून कोर्टातल्या खेळाडूला लागलेला नाही: सुधारता येतं. हॉर्न वाजवा, रेफ्रीला वहीतली ओळ दाखवा, बॉल योग्य टीमला मिळेल.

बॉल कोर्टातल्या खेळाडूला लागला: आता तो थ्रो-इन मागे घेता येत नाही, खेळ पुढे चालतो. पण जिचा हक्क डावलला गेला तिची संधी बुडत नाही. पुढचा बाण तिचाच. समजा बाण ए टीमचा असताना चुकून बी टीमने थ्रो-इन घेतला. तो संपल्यावरही बाण ए टीमचाच ठेवा. पुढच्या डेड बॉलला रेफ्रीला कळवा, आणि त्याने दोन्ही कोचना सांगावं. कोचला हे चूक झाल्यावर लगेच कळलं तर तो ऐकून घेतो; शेवटच्या मिनिटात हेल्ड बॉल झाल्यावर कळलं तर ऐकत नाही.

१०. टीव्हीवर बघितलेलं इथे चालत नाही

एनबीएमध्ये बाण नाहीच. तिथे हेल्ड बॉलला आजही जंप बॉल होतो, आणि पहिला जंप बॉल हरलेली टीम दुसरा व तिसरा क्वार्टर सुरू करते, जिंकलेली चौथा. टीव्हीवर तेच बघून आलेले खेळाडू ‘जंप बॉल द्या’ म्हणून अडून बसतात. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मात्र १९८१ पासून बाण आहे.

तीन-तीन खेळाडूंच्या ३×३ प्रकारातही बाण नसतो. तिथे हेल्ड बॉल झाला की बॉल बचाव करणाऱ्या टीमला मिळतो. एकाच मैदानावर सकाळी ३×३ आणि दुपारी पाच-पाचच्या मॅच असतील, तर सकाळी बाण टेबलाखाली ठेवा आणि दुपारच्या पहिल्या मॅचआधी बॅटरी तपासूनच वर काढा.